हरल्यांचं जेवण

जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी हरलेल्या संघाला घरी जेवायला बोलवायचं, ही रीत अप्पा निगड्यांनी घातलेली. अठ्ठेचाळीस साली एका फुटबॉल मॅचनंतर दोन पेठांत दगडफेक झाली, चार डोकी फुटली, तेव्हापासून. पंगतीत अप्पा स्वतः वाढायचे आणि शेवटचा गडी उठेपर्यंत तोंडात घास घालायचे नाहीत. शिवाजी पेठेत या जेवणाचं मोठं कौतुक होतं. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं कौतुक अप्पांनी स्वतःच केलेलं होतं. पण रस्सा अक्काच्या हातचा असायचा, त्यामुळं कुणाची तक्रार नव्हती.

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मात्र सकाळपासून मटण रटरटत होतं आणि घरात कुणालाच भूक नव्हती.

अप्पांचा धाकटा लेक वसंत माडीवर पंचाचा अहवाल लिहायला बसला होता. छापील कागद. संघांची नावं, गोल, वेळ, सगळं भरून झालं होतं. एकच रकाना रिकामा होता: मैदानाबाहेर काढलेला खेळाडू व कारण. चार वाजता असोसिएशनचे सेक्रेटरी आकाराम कागद न्यायला येणार होते आणि सहाला कमिटी बसणार होती. वसंत शाळेत पीटी शिकवायचा, दहा वर्षं पंच होता, असे अहवाल त्यानं चहा पितापिता लिहिले होते. आज दोन तास पेन हातात धरून तो बसला होता.

खरं तर ही मॅच त्याची नव्हतीच. घरच्या तालमीच्या, म्हणजे पेठेच्या संघाच्या, मॅचला तो पंच म्हणून कधी उभा राहत नसे. पण नेमलेला पंच तापानं आडवा पडला, आणि दोन्ही कप्तानांनी वसंतचं नाव मान्य केलं. तीन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्याच पेठेविरुद्ध पेनल्टी दिली होती आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सायकलीची दोन्ही चाकं कुणीतरी वाकवून ठेवली होती. वसंत सर सरळ माणूस, हे तेव्हापासून गावानं धरून ठेवलेलं. वसंतनंही धरून ठेवलेलं.

समोरचा संघ नदीपलीकडच्या साखर कारखान्याचा. त्यांच्यात यंदा एक नवा पोरगा होता, अंतोन सिद्दी, हल्याळकडच्या जंगलातला. त्याचे आजे-पणजे कधीकाळी आफ्रिकेतून जहाजांनी आणलेले, असं लोक सांगत. काळाकुळकुळीत, कुरळ्या केसांचा, आणि पायात असा वेग की पेठेचे दोन गडी त्याच्यामागं नुसते पळत राहिले. दुसऱ्या हाफमध्ये सयाजी त्याला चिकटला. सयाजी म्हणजे वसंतचा पुतण्या, तालमीचा कप्तान. चेंडू लांब असताना तो अंतोनच्या कानाशी गेला आणि म्हणाला, ‘‘हबशा, झाडावर जा.’’ मग परत. मग तिसऱ्यांदा, माकडाचा आवाज काढून. मागं बसलेल्या पोरांनी तो आवाज उचलला. अंतोन वळला आणि त्यानं सयाजीच्या तोंडावर ठोसा मारला. वसंतनं शिट्टी फुंकून अंतोनला बाहेर काढलं. दहा गड्यांवर राहिलेला कारखाना एक गोलनं हरला. गोल सयाजीचा.

वसंतनं शब्द ऐकला होता. तिन्ही वेळा. दहा पावलांवर होता तो.

आणि त्याला काही वाटलं नव्हतं, हे त्याला आता सोसत नव्हतं. कारण तो शब्द घरातला होता. वसंत पाच-सहा वर्षांचा असताना तालमीचा गोलकीपर एक सिद्दी होता, संस्थानच्या पागेत घोड्यांचा मोतद्दार. त्याच्या खांद्यावर बसून वसंत मैदानावर जायचा, ‘‘हबशा, पळ’’ म्हणून त्याच्या केसांना धरून ओरडायचा, आणि तो पळायचा. अख्खी पेठ त्याला त्याच नावानं हाक मारायची. मैदानावर काल तो शब्द कानावर आला तेव्हा वसंतच्या मनात आधी आलं ते लहानपण. अंतोनचा चेहरा त्यानं नंतर बघितला, आणि तोवर शिट्टी फुंकून झाली होती.

‘‘लिहिलंत?’’ त्याच्या बायकोनं, कालिंदीनं विचारलं. ती मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. बोलणं मोजकं आणि माहेरचं, साताऱ्याकडच्या मास्तरांच्या घरातलं.

‘‘काय लिहू?’’

‘‘जे ऐकलंत ते.’’

‘‘सयाजीची पुण्याची नोकरी जाईल.’’

तिलाही सयाजी आवडायचा. या घरात तिच्याकडून पुस्तकं मागून नेणारा तोच एक होता.

*

खाली सयाजी अक्काजवळ लसूण सोलत बसला होता. ओठ सुजलेला. त्याची आई तो चार वर्षांचा असताना गेली. अक्का ही त्याची सख्खी आत्ती, अप्पांची थोरली लेक. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि तिनं या पोराला वाढवलं. पेठेत पुष्कळांना ती त्याची आईच वाटायची.

पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यानं सयाजीला संघात घ्यायचं ठरवलं होतं. कायमची नोकरी, राहायला खोली. पत्र आलं की वाडीला जाऊन दत्ताला पेढे ठेवायचं त्याच्या वडलांनी, दादांनी, बोललेलं होतं. पत्रात एकच अट असणार होती: असोसिएशनचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला.

सयाजीला आपण फार मोठं काही केलंय असं वाटत नव्हतं, आणि तरी कालपासून त्याला झोप नव्हती. मैदानात आईवरनं शिव्या देतात, कुणी कागदावर लिहीत नाही. मग हाच एक शब्द का? तो अक्काला तेच सांगत होता.

‘‘पण तुला सुचलं कुठनं?’’ अक्कानं विचारलं.

‘‘अप्पांचीच गोष्ट की. त्रेचाळीसच्या फायनलची.’’

अक्काचा हात थांबला. ती गोष्ट घरात प्रत्येक दिवाळीला होई. फायनलला समोरच्या पेठेनं गोलमागं माणसं बसवली, त्यांनी नव्वद मिनिटं त्या सिद्दी गोलकीपरला माकड माकड म्हणून डिवचलं, शेवटी तो चवताळून गोल सोडून त्यांच्या अंगावर धावला, आणि रिकाम्या गोलात चेंडू गेला. अप्पा ही गोष्ट फार रंगवून सांगायचे. गोलकीपर कसा धावला ते उठून करून दाखवायचे. पोरं लोळून हसायची. सयाजी सगळ्यात जास्त.

‘‘मला वाटलं, त्यो बी तसाच चिडंल,’’ सयाजी म्हणाला. ‘‘चिडला की.’’

अक्कानं त्याच्याकडं बघितलं. तिला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. दोन्हीपैकी तिनं काहीच केलं नाही. हात पुसले आणि माडी चढून वसंतकडं गेली.

‘‘वसंता,’’ ती म्हणाली, ‘‘एवढं एक डाव नगं लिहूस. पोरगं बिनआईचं हाय. मी तुझ्याकडं कधी काय मागितलंय का?’’

मागितलं नव्हतं, हे खरं होतं. म्हणूनच वसंतला ते जड गेलं.

*

बाराला अप्पांनी सगळ्यांना सोप्यात बोलावलं. सहासष्ट वर्षांचे अप्पा अजून ताठ बसत. असोसिएशनचे उपाध्यक्ष म्हणून काल ते मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते, सयाजीपासून हाताच्या अंतरावर. तो आवाज काढला गेला तेव्हा ते हसले होते. वसंतनं ते बघितलं होतं.

दादांनी सुरुवात केली. दादा म्हणजे कृष्णात, वसंतचा थोरला भाऊ, मार्केट यार्डात हिशेबनीस. गरीब स्वभावाचा, पण पोराच्या बाबतीत नव्हे. त्यांचं म्हणणं साधं होतं. मारलं कुणी? अंतोननं. बाहेर कुणाला काढलं? अंतोनला. मग कागदावर तेवढंच यावं. लाइनमनांपैकी कुणी काही ऐकलेलं नाही, विचारून झालं होतं.

‘‘मी ऐकलंय, दादा,’’ वसंत म्हणाला.

‘‘मग काल शिट्टी का न्हाय मारलीस?’’

वसंतनं जिन्याकडं बघितलं. आपलं बोलणं एवढं लागेल असं दादांनाही वाटलं नव्हतं. ते खाली बघू लागले.

मग अप्पा बोलले. हबशी ही शिवीच नव्हे, असं त्यांचं मत होतं. जातच ती. आपण आपल्या गोलकीपरला जन्मभर तेच म्हणत होतो, तो हसत होता, घरात जेवत होता. हे हल्लीचं नवीन सोंग आहे. आणि काय हो मास्तरीणबाई, ते कालिंदीकडं वळले, तुम्हीच मागं पोरांना शिकवत होता ना, हबशी म्हणजे सरदार होते म्हणून?

कालिंदीनं मान हलवली. शिकवत होते, ती म्हणाली. निजामशाहीत हबशी वजीर होते, फौजा त्यांच्या हाताखाली होत्या, जंजिऱ्यावर त्यांची सत्ता होती. आणि बाजारात विकायला आणलेले पण तेच होते. मग ती थांबली आणि सरळ सयाजीला म्हणाली, ‘‘काल तू त्याला सरदार म्हणत होतास का?’’

सयाजीचे कान लाल झाले.

‘‘सुनंनं मधी बोलायचं न्हाय,’’ अप्पा म्हणाले.

‘‘तुम्ही विचारलंत म्हणून बोलले, अप्पा.’’

एरवी अशा वेळी अक्का कालिंदीच्या बाजूनं एखादं वाक्य टाकायची. पंधरा वर्षांत दोघींचं तेवढं जमलेलं होतं. आज कालिंदीनं तिच्याकडं बघितलं, आणि अक्कानं मान दुसरीकडं वळवली. दादांना त्यातून धीर आला. ते म्हणाले, वसंताला पोरबाळ नाही म्हणून त्याला हे समजत नाही. बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटलं, पण शब्द माघारी घ्यायची या घरात पद्धत नव्हती.

वसंत उठला. कागद माडीवर होता. तो जिन्याकडं निघाला तेव्हा दारात कुणीतरी चपला काढत होतं.

*

कारखान्याचे गडी, राखीव आणि त्यांच्याबरोबरची माणसं धरून बावीस पत्रावळी मांडल्या होत्या. कारखान्याच्या संघातून एकटा अंतोन आला.

बाकीचे येणार नव्हते. मॅनेजरनं बंदी केली होती. अंतोननं हे अक्काला उंबऱ्यातच सांगितलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, वय फार तर एकवीस. एसटीनं आला होता. अक्कानं त्याला पाय धुवायला पाणी दिलं आणि आत आणून पंगतीच्या पहिल्या पानावर बसवलं.

एवढं करताना तिला परसातली जागा आठवली. जुना गोलकीपर घरात जेवत होता म्हणून अप्पा सांगत, ते अर्धंच होतं. तो परसात, गोठ्याच्या भिंतीला टेकून जेवायचा. ताट वेगळं. ते ताट सात वर्षांची असल्यापासून अक्का नेऊन द्यायची. त्रेचाळीसच्या फायनलनंतर अप्पांनी त्याला तालमीसमोर, सगळ्या पेठेदेखत थोबाडीत मारली होती. गोल सोडल्याबद्दल. दिवाळीच्या गोष्टीत हा भाग कधी येत नसे. त्या दिवशी त्यानं ताटाला हात लावला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो पेठेत नव्हता. त्याला डिवचणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. अक्कानंही एवढ्या वर्षांत विचारलं नव्हतं.

अप्पा वाढायला आले. पाहुण्याची मर्जी राखायची म्हणून ते फार गोड बोलू लागले. आमच्या तालमीत बी तुमच्यातला एक गडी होता म्हणाले. गोलकीपर. वाघ होता वाघ. आमच्या जिवाभावाचा माणूस.

‘‘नाव काय त्याचं?’’ अंतोननं विचारलं.

‘‘आम्ही त्येला हबश्याच म्हणायचो की.’’

अंतोननं मान वर केली. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही, नुसता थांबला. अप्पा हातात रश्श्याचं भांडं घेऊन उभे. नाव होतं काहीतरी, म्हणाले. त्यांनी अक्काकडं बघितलं. अक्कानं आठवून बघितलं, आणि तिला कळलं की आपल्याला विसरायला झालेलं नाही, आपण ते कधी विचारलंच नव्हतं. सहा वर्षं तिनं त्या माणसाला ताट नेऊन दिलं होतं. तिला इतकी शरम वाटली की ती पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा अप्पांनी सयाजीला पुढं बोलावलं होतं. हात मिळवा म्हणाले, मैदानातलं मैदानात राहू दे. सयाजीनं हात पुढं केला. अंतोननं उष्टा उजवा हात बघितला, डावा पुढं केला. दोघांनी हात मिळवले.

‘‘झालं, मिटलं,’’ अप्पा म्हणाले.

‘‘हात मिळवला,’’ अंतोन म्हणाला. मग तो जिन्यापाशी उभ्या असलेल्या वसंतकडं वळला. त्याचं मराठी तुटक होतं, पण वाक्यं त्यानं एसटीत घोकून आणल्यासारखी वाटत होती. ‘‘सर, मी मारलं. ते लिवा. का मारलं ते पण लिवा. मी हंगामी हाय. सायब बोलले, कागदावर नुसती मारामारी आली तर उद्यापासून येऊ नको. गावात दोन बहिणी हायत माज्या.’’

अंतोननं पानातलं सगळं संपवलं, एक शीतही टाकलं नाही, आणि पत्रावळ स्वतः उचलायला वाकला. अक्कानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

‘‘वसंता, लिही,’’ ती म्हणाली.

‘‘अक्का,’’ दादा म्हणाले. ‘‘पोरगं तुझं हाय.’’

‘‘हाय म्हणूनच म्हणतोय, दादा. परसातनं भरलेलं ताट तसंच माघारी आणायचं काम मी एक डाव केलंय. परत न्हाय करायची.’’

दादांना त्यातलं काही समजलं नाही. अप्पांना समजलं. ते खुर्चीवर जाऊन बसले.

*

वसंतनं माडीवरून कागद आणला, तिथंच, पंगतीच्या कडेला मांडीवर पाट घेऊन लिहिलं आणि लिहून झाल्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. कप्तान सयाजी कृष्णात निगडे यांनी प्रतिस्पर्धी खेळाडूस वंशावरून तीन वेळा अपशब्द वापरले. पंचाने ते ऐकले व त्यावर कारवाई केली नाही. ही पंचाची चूक आहे. त्यानंतर अंतोन सिद्दी याने ठोसा मारला.

वाचताना त्याला हलकं वाटलं. सयाजी भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं वसंतला फार वाटलं, पण धीर झाला नाही.

अंतोन दारातल्या कट्ट्यावर थांबून राहिला होता. चार वाजता आकाराम आले. रिटायर्ड हेडक्लार्क, कोरडा माणूस, पण लबाड नव्हे. त्यांनी चष्मा लावून अहवाल उभ्यानं वाचला, मग खाली बसून परत वाचला.

‘‘वसंतराव, हे तुम्ही प्रामाणिकपणानं लिवलंय,’’ ते म्हणाले, ‘‘पर ह्येचा उपेग व्हायचा न्हाय.’’

नियम त्यांनी समजावून सांगितला. पंचानं स्वतःचीच चूक लिहून दिली, की त्याचा एकट्याचा शब्द धरत नाहीत. नाहीतर कुणीही पंच दुसऱ्या दिवशी पैसे खाऊन अहवाल फिरवील. त्याला जोड लागते. कारखान्याच्या गड्यांची सही चालणार नाही, ते एका बाजूचे. लाइनमन नाही म्हणतात. जोड मिळाली नाही तर एवढा भाग खोडला जाणार आणि सगळ्या गावानं बघितलेला ठोसा तेवढा राहणार.

‘‘म्हणजे हा पोरगाच दोषी,’’ कालिंदी म्हणाली.

‘‘कागदावर, व्हय. आता खेळाडूनं सोता कबूल केलं तर प्रश्न न्हाय.’’ आकाराम सयाजीकडं वळले. ‘‘न्हायतर असोसिएशनचा कुणी पदाधिकारी तिथं हजर आसला, त्येची सही चालती.’’

सयाजी वळला. सगळे आपल्याकडं बघतायत हे त्याला दिसत होतं. एक ओळ लिहायची होती. लिहिली की पुणं गेलं, खोली गेली, बापाचे पेढे गेले. न लिहिली तर कट्ट्यावर बसलेला तो पोरगा गेला. खरं म्हणजे त्यानं तोंड उघडलं होतं. दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जोर काही लावला नाही, आणि सयाजीचं तोंड मिटलं. त्याला वाटलं, अप्पा करतील सही. ते थोरले आहेत. त्यांनी केली तर आपल्याला करावी लागणार नाही, आणि जे होईल ते सोसू. बावीस वर्षांचा गडी, पण त्या क्षणी तो अप्पांकडं लहानपणी गोष्ट ऐकायला बघायचा तसा बघत होता.

आकारामनी पेन अप्पांपुढं धरलं.

‘‘अप्पा, तुम्ही कडंलाच हुता. तुम्ही ऐकलं आसंल की.’’

अप्पांनी पेन घेतलं नाही. त्यांनी एकदा कट्ट्याकडं बघितलं, तिथं अंतोन गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. मग नातवाकडं बघितलं. ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. गोष्ट अर्धी सांगायचे, पण खोटं बोलत नव्हते.

‘‘मला अलीकडं ऐकू कमी येतंय,’’ ते म्हणाले.

घरानं हे पहिल्यांदाच ऐकलं. गल्लीच्या टोकाला सायकलची घंटी वाजली तर ती कुणाची हे सांगणारा माणूस. म्हातारा म्हटलेलं ज्यांना खपत नव्हतं, आणून दिलेली काठी ज्यांनी चुलीत घातली होती, त्या अप्पांनी चार माणसांत आपण बहिरे झाल्याचं सांगितलं.

आकारामनी पेनचं टोपण लावलं, अहवालाची घडी केली आणि जाताजाता म्हणाले की उपाध्यक्षांचं उत्तर त्यांना कमिटीच्या बुकात नोंदवावं लागेल. नियमच तसा आहे.

अंतोननं सगळं ऐकलं होतं. तो उठला. वसंत त्याच्यामागं दारापर्यंत गेला, मी उद्या कारखान्यावर येतो, साहेबांना समक्ष सांगतो म्हणाला. अंतोननं ‘‘या सर’’ म्हटलं, जसं कुणी रविवारी घरी या म्हणेल तसं. चपला घातल्या आणि गेला. वसंत दुसऱ्या दिवशी खरंच गेला. साहेबांनी त्याला चहा पाजला आणि असोसिएशनचा कागद दाखवला, त्यात नुसता ठोसा होता. अंतोन सकाळच्या एसटीनं गावाकडं निघून गेला होता.

सयाजीला पुण्याची नोकरी लागली. पेढे ठेवायला वाडीला दादा एकटेच गेले.

आणि अप्पा बहिरे झाले. होणं भागच होतं. असोसिएशनच्या बुकात तसं लिहिलं गेलं, तिथून ते पेठेत पसरलं, लोक त्यांच्या कानाशी येऊन ओरडून बोलू लागले. ऐकू येतंय म्हणायची सोय राहिली नाही. पुढची नऊ वर्षं, मरेपर्यंत, ते तसेच राहिले, आणि त्यांच्यासमोर घरात काय बोलावं आणि काय बोलू नये याचा कुणी विचार करीनासं झालं.

त्याची सुरुवात त्याच संध्याकाळी झाली. न वापरलेल्या एकवीस पत्रावळी अक्का गोळा करत होती. कालिंदी मदतीला आली होती. सकाळपासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. अप्पा चार हातांवर खुर्चीत बसले होते, अजून उपाशी.

अक्का नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘‘कालिंदी, ते पोरगं मी वाढवलंय. पर आज मला त्येच्याकडं बघवंना. त्येला आसं ह्या माणसानं केलं. गोष्टी सांगून सांगून.’’

कालिंदीनं घाबरून अप्पांकडं बघितलं.

‘‘त्यांस्नी ऐकू येत न्हाय,’’ अक्का म्हणाली.

अप्पांची मान वळली नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि ते तसेच बसून राहिले, आणि अक्का पुढं बोलत राहिली.